एलएल.बी. उरकून टाकू नका

पदवीचा निकाल लागला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "रिकामं बसण्यापेक्षा एलएल.बी. करून टाक." बँकेत, जिल्हा परिषदेत, तहसील कचेरीत नोकरी करणाऱ्याला सहकारी सुचवतात, "तीन वर्षांचं तर आहे. नोकरी सांभाळून होतं. हजेरीचं बघून घेतात." निवृत्तीला आलेले म्हणतात, "पुढे हाताशी काहीतरी असावं." सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि दर सत्राला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो. या तिन्ही ठिकाणी त्या सल्ल्याचं पुढे काय होतं ते माझ्यासमोर येतं. म्हणून प्रवेशाच्या तयारीत असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कायद्याची पदवी जरूर घ्या, कोणत्याही वयात घ्या. फक्त ती उरकून टाकायची म्हणून घेऊ नका.

एखाद्याचं बी.ए. कच्चं राहिलं, तर नुकसान त्याचं त्याला. एलएल.बी. कच्चं राहिलं, की ते तिसऱ्याच माणसाला भोगावं लागतं. बांधावरून भावाने मनाई हुकमाचा दावा लावलाय असं समजा. समन्स हातात पडल्यावर शेतकरी तालुक्याला येतो, ओळखीने वकील लावतो, वकालतनाम्यावर सही करतो, मागितलेले पैसे देतो आणि निर्धास्त होऊन घरी जातो. कायद्याने प्रतिवादीची लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत यायला हवी. कारण दाखवून मुदत वाढवून घेतली, तरी 90 दिवसांचाच हिशेब धरायचा. पण वकिलाला कैफियत लिहिता येत नाही. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यायचं असतं आणि जे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं, हे त्याने तीन वर्षांत कधी लिहून पाहिलेलं नसतं. तो तारखा मागत राहतो. एक दिवस 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे कैफियतीशिवायच दावा पुढे चालवण्याचा, आदेश होतो. मग तो आदेश उठवायला अर्ज आणि त्यावर कॉस्ट. तीही अशिलाच्याच खिशातून जाते. आपलं काय चुकलं, हे त्या शेतकऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्या वकिलाच्या गुणपत्रिकेवर मात्र मसुदालेखनात शंभरपैकी ऐंशीच्या घरात गुण असतात.

ते कसे मिळाले, ते पुढे सांगतो. आधी प्रवेशाचं बघू, कारण अर्ज भरतानाच अनेकांचं वर्ष वाया जातं.

महाराष्ट्रात 2016 पासून विधी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून होतात. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. इथे पूर्णांक करून मिळत नाही. 44.8 म्हणजे 45 असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विसंबून शुल्क भरू नका. दुसरी अट दहावी, बारावी, पदवी या क्रमाची. मुक्त विद्यापीठाची पदवी आहे म्हणून कुणी अपात्र होत नाही. पण बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसला असाल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत तुम्ही अडकता. अशी माणसं बहुतेक कष्टाने शिकलेली असतात, कामधंदा करत पदवीपर्यंत पोचलेली, आणि त्यांना हे प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत, कधीकधी प्रवेश झाल्यावर कळतं. मला हा नियम निर्दय वाटतो. तो बदलेपर्यंत मात्र आधी चौकशी करणं एवढंच आपल्या हातात आहे.

वयाची भीती बाळगू नका. बार कौन्सिलने घातलेल्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्थगिती दिली. तेव्हापासून चाळिशीतले, पन्नाशीतले विद्यार्थी वर्गात दिसतात आणि मनापासून बसले तर ते फार चांगले विद्यार्थी ठरतात. जमिनीचे व्यवहार, वारसाच्या नोंदी, बँकेच्या नोटिसा त्यांनी अंगावर घेतलेल्या असतात. सातबारा कसा वाचायचा, हे मला त्यांना शिकवावं लागत नाही.

'घरबसल्या एलएल.बी.', 'एका वर्षात एलएल.बी.', 'थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश' असं सांगणारा एजंट भेटला, तर तिथूनच परत फिरा. पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने घेतलेल्या एलएल.बी.ला सनद मिळत नाही आणि मध्येच एखाद्या वर्षाला प्रवेश देण्याची सोय या अभ्यासक्रमात नाही. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या अनोळखी विद्यापीठाचं नाव सांगून लाख-दीड लाख उकळणारे लोक तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेले आहेत.

सीईटीबद्दल थोडक्यात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. प्रश्न मराठीतही असतात, फक्त इंग्रजीचा भाग इंग्रजीत. निकालातला पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या मागे किती जण आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. या परीक्षेने क्रम लागतो आणि क्रमावर जागा मिळते. वकील होण्याची कुवत तिच्यात मोजली जात नाही. चांगला पर्सेंटाइल आला म्हणून हवेत जाऊ नका, कमी आला म्हणून खचू नका. मला खरी काळजी कागदपत्रांची वाटते. जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला ही कामं सीईटीच्या अभ्यासाबरोबरच सुरू करा. गुण असूनही एका दाखल्यापायी खुल्या प्रवर्गात ढकललेली मुलं दरवर्षी दिसतात.

महाविद्यालय निवडताना नावाच्या मागे फार धावू नका. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 चं, पुण्याचं आयएलएस 1924 चं. तिथे जागा मिळाली तर उत्तमच. पण लातूर, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर, सोलापूर इथेही चांगलं शिकता येतं, आणि रोज दोन तास प्रवास करून नामवंत ठिकाणी जाण्यापेक्षा गावातलं बरं कॉलेज कित्येकांना जास्त उपयोगी पडतं. विकल्प भरण्याआधी तिथे प्रत्यक्ष जाऊन या. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, हे कार्यालयात विचारा आणि कागद दाखवा म्हणा. ग्रंथालयात जा, एआयआरचे किंवा महाराष्ट्र लॉ जर्नलचे ताजे अंक टेबलावर आहेत, की कुलूपबंद कपाटात, ते बघा. कायम शिक्षक किती आणि आमच्यासारखे तासिकेवर येणारे किती, ते विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून विचारा, "गेल्या आठवड्यात तास किती झाले?" याचं जे उत्तर मिळेल ते माहितीपुस्तकात छापलेलं नसतं.

मुलींच्या आईवडिलांना वेगळं सांगायचं आहे. 2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणाऱ्यांना नाही. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरा आणि त्याची पोच जपून ठेवा. शुल्काचं कारण सांगून मुलीला घरी बसवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. पूर्वी कायदा शिकायला बायकांना किती झगडावं लागलं, तेही आठवा. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अव्वल आल्या. तरी इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. लोकांनी वर्गणी काढून पाठवल्यावर त्या ऑक्सफर्डला गेल्या, आणि 1892 मध्ये कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेला बसता यावं म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, पदवी मात्र हातात पडली तीस वर्षांनी, 1922 मध्ये, कारण तोपर्यंत ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला 1923 मध्ये. हा हक्क कुणी सहज दिलेला नाही. आज एखादी मुलगी सनद घेऊन ती कपाटात ठेवते, लग्नाच्या बायोडेटात 'बी.ए., एलएल.बी.' लिहिण्यापुरती वापरते, तेव्हा मला वाईट वाटतं; आणि त्यात दोष तिचा एकटीचा क्वचितच असतो.

आता हजेरी. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी सांगितली आहे, आणि वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच भरवायचे आहेत. पूर्वीची सायंकालीन विधी महाविद्यालयं त्यामुळेच बंद झाली. म्हणजे नियमाप्रमाणे हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. प्रत्यक्षात काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. साठ जणांच्या वर्गात पंधरा जण बसलेले असतात आणि हजेरीपट मात्र भरलेला असतो. संस्थांनी हे थांबवायला हवं, विद्यापीठांनी थांबवायला हवं, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनीही. पण मी आज तुमच्याशी बोलतो आहे. नोकरी सोडणं शक्य नसेल, तर सकाळचे तास घेणारं कॉलेज शोधा, रजेचं आधीच ठरवून ठेवा, खात्याची रीतसर परवानगी घ्या. एवढं करूनही वर्गात बसता येणार नसेल, तर दोन वर्षं थांबा. वयाची अट नाही, जागा कुठे जात नाहीत. खोट्या हजेरीवर मिळालेली पदवी पुढे कुणी तक्रार केली तर गळ्याशी येते, आणि सरकारी नोकराच्या बाबतीत तक्रार करणारा शेजारच्याच टेबलावर असतो.

आणि आता मसुदालेखनातल्या त्या ऐंशी गुणांकडे येतो.

बार कौन्सिलने अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत: मसुदालेखन, वकिली व्यवसायाची नीती, तडजोड-लवाद असे पर्यायी मार्ग, आणि अभिरूप न्यायालय, ज्याला सगळे मूट कोर्ट म्हणतात. मसुदालेखनाचा मूळ आराखडा असा: 15 मसुदे दावे, कैफियती, अर्ज, तक्रारी यांचे आणि 15 मसुदे खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र अशा दस्तांचे. प्रत्येकाला 3 गुण, म्हणजे 90. उरलेले 10 तोंडी परीक्षेचे. मूट कोर्टाच्या विषयात 30 गुण मूटला, 30 गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष न्यायालयात बसून पाहण्याला, 30 गुण वकिलाच्या कचेरीत अशिलाशी होणारी बोलणी आणि दाव्याची तयारी पाहण्याला, 10 तोंडीला. विद्यापीठांनी यात थोडेफार बदल केले असतील, गाभा हाच. शिवाय तीन वर्षांत किमान 12 आठवडे वकिलाकडे किंवा संस्थेत उमेदवारी करायची. हा आराखडा ज्यांनी केला त्यांनी विचारपूर्वक केला आहे. यातला अर्धा जरी कुणी प्रामाणिकपणे पार पाडला, तरी तो सनद मिळाल्याच्या दिवशी अशिलासमोर बसायला तयार असतो.

घडतं ते असं. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, मिळतं, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात तयारच असतं. दोन रात्री जागून ते उतरवलं जातं, सही-शिक्का होतो. तपासताना हाताला काय लागतं? 2024 च्या विद्यार्थ्याच्या दाव्यात 'दाव्यास कारण 2011 साली घडले'. लातूरच्या मुलाच्या जर्नलमधला दावा ठाण्याच्या न्यायालयात दाखल. एका बाकावरच्या तिघांनी एकाच दिवशी एकाच सत्र न्यायालयात एकाच साक्षीदाराची उलटतपासणी पाहिलेली, आणि दिनदर्शिका काढून बघावं तर तो रविवार. गुण तरीही पडतात, कारण ते अंतर्गत असतात आणि निकाल चांगला दिसायला हवा असतो.

या जर्नलमधला 'दाव्यास कारण' हा एकच परिच्छेद घ्या. चार ओळींचा असतो. तो स्वतः लिहायला बसलात, तर किती गोष्टी ठरवाव्या लागतात ते पाहा. हरकत नेमकी कोणत्या दिवशी झाली? त्या दिवसापासून मुदत कायद्यातली मुदत किती? करारावरचे पैसे असतील तर साधारण तीन वर्षं. ती उलटली का? मध्ये काही रक्कम मिळाली असेल, तर मुदत नव्याने सुरू होते का? मिळकत कुठल्या तालुक्यात, म्हणजे दावा कुठल्या न्यायालयात? दाव्याची किंमत किती धरायची आणि त्यावर कोर्ट फी किती? अशिलाला दहा प्रश्न विचारल्याशिवाय या चार ओळी लिहून होत नाहीत. हे दहा प्रश्न विचारायची सवय म्हणजे वकिली. उतरवून काढताना ते सगळे दुसऱ्या कुणीतरी विचारून झालेले असतात, आणि तुमच्या हाती शाईचे डाग तेवढे लागतात. म्हणून सांगतो, लेखी परीक्षेत एखादा विषय राहिला तर राहू द्या, एटीकेटी आहे, पुन्हा देता येतो. जर्नल मात्र स्वतःच्या हाताने लिहा. घरातल्या, गल्लीतल्या खऱ्या भांडणावर लिहा. चुलत्याची जमीन, बहिणीची पोटगी, मित्राचा वटला नसलेला धनादेश. वाईट लिहिलं जाईल, शिक्षक लाल रेघा मारतील, 3 पैकी 1 देतील. तो 1 गुण तुमचा स्वतःचा असेल.

खटला पाहायला खरोखर जा. न्यायालयं सगळ्यांसाठी उघडी असतात, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. सरतपासणी, उलटतपासणी ऐका. बेलिफ, शिरस्तेदार, नाझर कोण, काय करतात ते बघा. प्रवेशाआधीच एक दिवस असा काढलात, तर आणखी बरं. काहींना त्या एका दिवसात कळतं की हे आपलं काम नाही, आणि तीन वर्षं वाचतात.

लेखी परीक्षेतही चूक साधारण एकच होते. करारकायद्याच्या पेपरात प्रश्न येतो: सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून पन्नास हजार रुपये उसने घेतले आणि चिठ्ठी लिहून दिली, धनको पैसे वसूल करू शकेल का? गठ्ठ्यातल्या बहुतेक उत्तरांची सुरुवात 'करार म्हणजे काय' इथून होते. मग कराराची सगळी आवश्यक तत्त्वं, मग गाइडातले मथळे अधोरेखित करून, तीन पानं. त्या मुलाचं काय झालं, ते कुठेच नाही. एखादीच उत्तरपत्रिका अशी निघते: भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 11, अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नाही, मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, 1903, असा करार मुळातच निरर्थक, म्हणून चिठ्ठीवर दावा चालणार नाही. वय लपवलं म्हणून तो सज्ञान ठरत नाही. पण पैसे जीवनावश्यक गरजांसाठी दिले होते का? तसं असेल तर कलम 68 प्रमाणे त्याच्या मालमत्तेतून भरपाई मागता येईल, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही. प्रश्नात ती माहिती नाही, म्हणून दोन्ही शक्यता लिहिल्या. हे एका पानात मावतं. अशा उत्तराला हात आखडून गुण देणारा परीक्षक मी पाहिलेला नाही. आठवड्याला दोन उत्तरं अशी लिहून काढा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. तीन वर्षांत तीनशे होतील.

अभ्यासाला मूळ कायद्याची पुस्तिका, म्हणजे बेअर ॲक्ट, हाताशी असू द्या; मराठी-इंग्रजी समोरासमोर छापलेली द्विभाषी मिळते. आपल्या विद्यापीठात मराठीतून उत्तरं लिहायची मुभा असेल, तर लाज वाटून घेऊ नका. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, अशील मराठीत बोलतो. फक्त उच्च न्यायालयाचं काम आणि निवाडे इंग्रजीत असतात, तेव्हा रोज एक निवाडा इंग्रजीत वाचायची सवय लावा. आणि जुनी पुस्तकं घेताना जपा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे तीन कायदे आले. खुनाचं 302 आता भारतीय न्याय संहितेचं 103 झालं, फसवणुकीचं 420 झालं 318. जुने खटले जुन्या कायद्याने चालू आहेत, म्हणून दोन्ही आकडे यायला हवेत. निम्म्या किमतीत मिळालेल्या जुन्या गाइडवर विसंबून फौजदारीचा पेपर देऊ नका.

गुणपत्रिकेवर आता बहुतेक ठिकाणी श्रेणी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पट्टीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे जेमतेम उत्तीर्ण 4. प्रत्येक विषयाचे श्रेयांक त्याच्या श्रेणीगुणाने गुणायचे, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागायचं, म्हणजे सत्राची सरासरी. चार सारख्या श्रेयांकांच्या विषयांत 8, 7, 6, 5 असतील, तर सरासरी 6.5. त्याचे टक्के करायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं आहे. स्वतः दहाने गुणून मोकळे होऊ नका, विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र मागून घ्या. नोकरीच्या अर्जात चुकीचे टक्के लिहिल्याने उमेदवारी रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

निकाल अन्यायाचा वाटला तर रडत बसू नका आणि दलालही गाठू नका. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. फेरमूल्यांकन हा मात्र आपोआप मिळणारा हक्क नाही. ते विद्यापीठाच्या नियमांत असेल तरच मिळतं. फेरमूल्यांकनाबद्दलचा हा निवाडा महाराष्ट्राच्याच शिक्षण मंडळाच्या प्रकरणातला, 1984 चा. म्हणून आधी छायाप्रत मागवा, जाणत्या शिक्षकाला दाखवा, मग फेरमूल्यांकनाचा अर्ज करा. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, ती चुकवू नका. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं एकाएकी ठरवलं आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. विधी शाखेचे विद्यार्थी फार भरडले गेले, कुलगुरूंना पद गमवावं लागलं. त्या गोंधळात अर्जाच्या पावत्या, बैठक क्रमांक आणि पत्रव्यवहार ज्यांनी सांभाळला होता, त्यांची बाजू मांडणं सोपं होतं. वकील होणाऱ्याने स्वतःची फाइल तरी नीट ठेवावी.

गुणांचं महत्त्व किती, तेही स्पष्ट सांगतो. सनद देताना तुमचा वर्ग कुणी विचारत नाही. एलएल.एम. करायचं असेल, परदेशी शिकायला जायचं असेल, शिकवायचं असेल, तर गुण लागतात. न्यायाधीश व्हायचं असेल, तर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे पदवी मिळताच थेट परीक्षेला बसायचा रस्ता बंद झाला. क्लासवाल्यांच्या जुन्या जाहिराती बघून तीन वर्षांचा बेत आखला असेल, तर तो बदला.

पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी होते. त्यासाठी पूर्वी हजारो रुपये घेत. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या 750 रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. जास्त मागितलं, तर पावती मागा आणि लेखी विचारा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा; तिच्यात मूळ कायद्याची पुस्तिका जवळ ठेवता येते. तीन वर्षं बेअर ॲक्ट उघडलेला विद्यार्थी तिथे अडत नाही, गाइडवाला पानं उलटत बसतो.

यापुढचं पैशांचं गणित मात्र प्रवेशाच्या आधीच घरात बसून मांडा. ज्युनियरला सुरुवातीला फार थोडं मिळतं, कित्येकांना काहीच नाही. बार कौन्सिलने 2024 मध्ये ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण ती शिफारसच आहे. माझ्या न्यायालयात तेवढं देणारे सीनियर मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. सनद मिळाल्यानंतरची किमान दोन वर्षं घरखर्च कशावर चालेल, हे नवराबायकोने, आईवडिलांनी एकत्र बसून ठरवा आणि तेवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका. सीनियर निवडताना पैशांइतकंच हेही विचारा, की तो तुम्हाला मसुदे लिहायला देईल की फक्त तारखा घ्यायला पाठवेल. मसुदे देणारा भेटला, तर पहिल्या वर्षी कमी पैशांतही त्याच्याकडेच राहा.